नुसता ठेका

मैफल सुटल्यावर चपला शोधता शोधता एक वाक्य हमखास कानावर पडतं. "गाणं झकास झालं, पण तबलजीनं काही केलं नाही हो. नुसता ठेका धरून बसला होता." त्याच घोळक्यात दुसराही एक जण असतो. त्याचं म्हणणं असं की हल्लीची पोरं नुसती तयारी, म्हणजे हाताचा वेग आणि सफाई, दाखवतात, हातात गोडवा नाही. पूर्वीचे लोक साधं वाजवायचे पण भिडायचं. पहिल्याला ठेका म्हणजे अंगचोरी वाटते, दुसऱ्याला तयारी म्हणजे आगाऊपणा. भांडण जुनं आहे आणि ते कुणाला मिटवायचंही नाही. पण दोघांनीही एक गोष्ट न बोलता मान्य केलेली असते, की ठेका, म्हणजे तालाचे ठरलेले बोल फिरून फिरून वाजवणं, सोपा असतो. घोळ तिथंच आहे.

विलंबित, म्हणजे संथ लयीतला, एकताल घेऊ. बारा मात्रा (तालाची सारखी मापं), एका ओळीत मावणाऱ्या:

धिं धिं | धागे तिरकिट | तू ना | कत् ता | धागे तिरकिट | धी ना

तबला शिकणाऱ्या मुलाला हे लवकर पाठ होतं, आणि मध्यलयीत हाताला बसायलाही फार दिवस लागत नाहीत. आता हाच ठेका बड्या ख्यालाच्या लयीत न्या. मात्रा चार सेकंदांची धरली तर आवर्तन, म्हणजे तालाची एक फेरी, ४८ सेकंदांचं होतं. घड्याळ समोर ठेवा, डोळे मिटा, मनाशी चार-चार सेकंद धरत बारा टाळ्या द्या आणि तेराव्या टाळीला डोळे उघडा. काटा बहुधा ४८ च्या अलीकडेच सापडेल. रिकामा वेळ माणसाला सोसत नाही, तो पुढच्या टाळीची वाट बघत बसण्याऐवजी ती उरकून टाकतो.

विलंबित ख्याल पूर्वी इतका विलंबित नव्हता. विसाव्या शतकात तो संथ होत गेला आणि ठेक्यावरचा भार वाढत गेला. मात्रा दीड-दोन सेकंदांची असताना बोलांमधलं अंतर डग्ग्याची (डाव्या हाताच्या वाद्याची) आस, म्हणजे रेंगाळणारा नाद, भरून काढते. चार सेकंदांवर आस केव्हाच विरलेली असते. मग तबलजी मात्रेचे चार भाग मनात चालते ठेवतो आणि त्यातले काही हलक्या बोटांनी वाजवतोही. यालाच ठेका भरणं म्हणतात. किती भरायचा, कुठं भरायचा आणि कुठं अजिबात हात लावायचा नाही, हे ठरवण्यातच साथीचा निम्मा कस लागतो.

हात कुठं लावायचा नाही ते समजायचं तर गवय्याच्या जागी बसून ऐकावं लागतं. आलापात बुडालेला गवई मात्रा मोजत नसतो. त्याला ठेक्याचा रंग कळत असतो. समेपासून, म्हणजे पहिल्या मात्रेपासून, पहिल्या तिरकिटापर्यंत डग्गा अधूनमधून घुमतो. मग 'तू ना कत् ता' या चार मात्रा येतात, पाच ते आठ. यांत डग्गा घुमतच नाही. 'तू' हा शाईवर (मधल्या काळ्या गोलावर) मारलेला मोकळा बोल, सगळी बोटं लगेच उचललेली, त्यामुळे उजव्याचा भरघोस नाद येतो पण डावं गप्प. 'ना' आणि 'ता' किनारीवरचे. 'कत्'मध्ये डावा पंजा डग्ग्यावर चपटा पडतो आणि आवाज तिथंच मरतो. म्हणजे १६ सेकंद खालचा घुमार नाही. मग नवव्या मात्रेवर 'धागे' येतं आणि डग्गा पुन्हा बोलतो. डोळे मिटलेल्या गवय्याला तेवढ्यावरून कळतं की दोन तृतीयांश आवर्तन सरलं. पाठोपाठ दुसरं तिरकिट. आता उरल्या दोन मात्रा, आठ सेकंद. इथून मुखडा (समेवर आणणारी गाण्याची ओळ) उचलायचा की आलापाची आणखी एक वेलांटी घेऊन शेवटच्या मात्रेत उडी मारायची, हे तो इथं ठरवतो.

आता समजा तबलजीचा डावा हात सुंदर आहे आणि ते त्याला ठाऊक आहे. 'तू ना'च्या मधली मोकळी जागा त्याला खुणावते. तिथं तो डग्ग्याची एक देखणी मींड (घसरत जाणारा नाद) टाकतो. श्रोत्यांतून एक 'वा' येते. पण मैलाचे दगड उपटून तिथं फुलझाडं लावावीत तसं ते झालेलं असतं. गवय्याला पाचव्या मात्रेवरच धागे आल्याचा भास होतो, आलाप आवरता येतो आणि मग लक्षात येतं की रस्ता अजून बराच बाकी आहे. तो सावरून घेतो, बाहेर कुणाला काही कळत नाही. मात्र त्या आवर्तनातलं गाणं त्या मींडेनं खाल्लेलं असतं.

तेव्हा साधा ठेका म्हणजे काही न करणं नव्हे. बारा बोलांनी मिळून दिलेला तो निरोप आहे, आणि निरोप्यानं स्वतःची चार वाक्यं मध्ये घालू नयेत.

याच कारणानं इंदूरच्या आमीर खाँसाहेबांचं विलंबित गाणं तबला शिकणाऱ्यांनी डाव्या-उजव्याकडे कान देऊन ऐकावं. त्यांचा आवडता ताल झुमरा, चौदा मात्रांचा, ३-४-३-४ अशा खंडांत वाटलेला: धिं ऽधा तिरकिट | धिं धिं धागे तिरकिट | तिं ऽता तिरकिट | धिं धिं धागे तिरकिट. एका आवर्तनात चार तिरकिटं. एकतालात दोनच असतात तर त्यांची ओळख पटकन पटते. इथं चारही खंड तिरकिटानं संपतात, म्हणून आपण कितव्या खंडात आहोत हे त्यांच्या आधीच्या बोलांवरून, आणि मुख्य म्हणजे 'धिं'चा 'तिं' झाला का यावरून ओळखायचं. तिसऱ्या खंडात तिं निर्मळ नाही वाजला, त्यात डग्ग्याचा थोडा जरी हुंकार मिसळला, तर काल (डग्गा गप्प असलेला खंड) आणि भरी (डग्ग्यासकटचा) यांतला फरकच उरत नाही. खाँसाहेबांना साथीला साधा, स्थिर ठेका हवा असायचा. ध्वनिमुद्रणांत तबला इतका मागं आहे की पहिल्यांदा ऐकताना तो आहे हेच विसरायला होतं. पण तो ठेका नीट धरायचा तर चौदा मात्रा सलग, मिनिटाच्या आसपासच्या आवर्तनांत, कुठंही न हलता चालवाव्या लागतात. कुणीही उठून करावं असं हे काम नव्हे.

एक धिं जवळून पाहू. उजव्या हाताची अनामिका शाईच्या कडेला टेकलेली, पण तिचं वजन पडू द्यायचं नाही. तर्जनी लवेवर (शाई आणि किनार यांमधल्या कातड्यावर) पडते आणि तापल्या तव्याला बोट लागावं तशी उठते. डाव्या मनगटाची टाच डग्ग्याच्या रुंद लवेवर विसावलेली, मधली बोटं शाईवरून कमान करून पलीकडच्या लवेवर पडतात. आघात झाल्यावर टाच किंचित पुढं सरकते, दाब वाढतो, नाद वर चढतो. हाच घुमार. या क्रमात एवढंसं पुढंमागं झालं की बिघडतं. दाब आघाताच्या आधीच दिला तर नाद सुरुवातीलाच वर आणि कोरडा येतो, त्याला चढायला जागा राहत नाही. बोटं उठायला उशीर झाला तर धिंचा 'ढब' होतो. टाच पूर्ण उचलली तर डग्गा मोकाट घुमतो. घरात ते बरं वाटतं, पण सभागृहात डग्ग्यासमोरचा माइक तोच घुमार उचलतो आणि गवय्याच्या खर्जावर तो पसरतो. शिवाय दोन्ही धिं एकाच वजनाचे वाजले तर सम कुठली आणि दुसरी मात्रा कुठली? दुसरा धिं जरा हलका, जरा चढत्या घुमाराचा हवा, म्हणजे पहिल्याचा मान राहतो. हे सगळं मनगटाच्या टाचेखाली, दोन-तीन सेंटिमीटरच्या सरकण्यात घडतं. याला भाव म्हणायचं की तंत्र?

माझ्या मते हा प्रश्न फसवा आहे. ज्याला आपण गोडवा म्हणतो त्यातला मोठा भाग स्नायूंच्या शिस्तीचाच असतो, फक्त ती शिस्त वेगाकडे वळलेली नसते.

उजव्याची गोष्ट आणखी नाजूक आहे, कारण त्याला स्वर आहे. साध्या ताणलेल्या कातड्याचे उपस्वर एकमेकांशी जुळत नाहीत, म्हणूनच बहुतेक ढोलांना नेमका स्वर नसतो. शाईच्या वजनामुळे तबल्याचे उपस्वर पूर्णांकी पटींत येतात, हे सी. व्ही. रामन यांनी एका सहकाऱ्यासोबत १९२० साली 'नेचर'मधल्या टिपणात मांडलं. साथीत याचा अर्थ असा की प्रत्येक 'ना' षड्ज म्हणत असतो. तो कणभर उतरलेला असेल तर प्रत्येक आवर्तनात गवय्याच्या कानाला तो टोचतो, आणि तासाभरात असे शेकडो ना पडतात. पुरुष गवय्याच्या काळी एकला (पेटीच्या पहिल्या काळ्या पट्टीच्या सुराला) सव्वापाच-साडेपाच इंच तोंडाचा तबला चालतो. बाईंच्या काळी चार-पाचला सहा इंचांच्या आसपासचा, खालच्या सुराचा ढाल्या. लहान तोंडाचा तबला ओढूनताणून खाली आणला तर पुडी (वरचं कातडं) सैल पडते आणि तू बोलेनासा होतो. लावताना आधी गट्ठे (बाजूचे लाकडी ठोकळे) ठोकून स्वराच्या जवळ यायचं, मग बारीक काम गजऱ्यावर (पुडीच्या कडेच्या वेणीवर): वरून ठोकलं की चढतो, खालून ठोकलं की उतरतो. एक घर (गजऱ्याचा एक भाग) लागलं की शेजारचं धरायचं नाही, समोरचं धरायचं. शेजारीशेजारी ठोकत गेलं की पुडी एका अंगाला ओढली जाते आणि सोळा घरांत सोळा मतं तयार होतात. पावसाळ्यात दमट हवेनं तबला उतरतो, मंचावरच्या दिव्यांच्या उष्णतेनं आणि एसीच्या कोरड्या हवेनं चढतो. म्हणून बडा ख्याल सरला की हातोडीकडे हात गेला पाहिजे. श्रोते चुळबुळतात, चुळबुळू देत.

आता दुसऱ्या पक्षाची हजेरी घ्यायला हवी. 'आम्ही भावानं वाजवतो' या वाक्याआड बराच आळस लपतो. तिरकिट स्वच्छ निघत नाही, म्हणून ते वाजवायचं नाही आणि त्याला साधेपणा म्हणायचं. हे मध्यलयीपर्यंत खपतं. छोट्या ख्यालात किंवा सतारीच्या झाल्यात (शेवटच्या वेगवान भागात) द्रुत तीनताल मिनिटाला ३०० मात्रांवर गेला की सेकंदाला पाच मात्रा पडतात. तिथं 'धा धिं धिं धा' पूर्ण डग्ग्यासकट वाजवायला वेळच नसतो; बोलांचा निकास, म्हणजे ते काढायची पद्धत, बदलावा लागतो, 'ना धिं धिं ना'ची हलकी, पंजाच्या झुलण्यावर चालणारी रीत घ्यावी लागते. ती रीत ज्याच्या हातात नाही तो दंडातून जोर लावतो, दोन मिनिटांत हात भरून येतो आणि लय पडते. मग सतारवादक चिडून आणखी वेग घेतो आणि त्याला वाटतं तबलजी मुद्दाम मागं राहतोय. इथं भाव कामाला येत नाही. कथकच्या साथीचीही तीच कथा: पढंत झालेला (तोंडानं म्हणून दाखवलेला) तुकडा पायांबरोबर निघालाच पाहिजे, तिथं नुसता ठेका म्हणजे खरोखरच अंगचोरी.

तेव्हा तयारी लागतेच. प्रश्न एवढाच, की ती असताना माणूस तिचं काय करतो.

अहमदजान थिरकवा खाँसाहेबांचं नाव निघालं की तबल्याच्या जगात पेशकार, कायदे, गती अशा रचनांचं अफाट भांडार आठवतं. स्वतंत्र वादनात विसाव्या शतकात त्यांच्या तोडीची नावं थोडीच. पण मराठी घरांत त्यांचं नाव पोचलं ते आधी बालगंधर्वांचे तबलजी म्हणून, गंधर्व नाटक मंडळीतून. नाट्यपदाची साथ म्हणजे काय ते ध्यानात घ्या. नट उभा राहून गातोय, शब्द शेवटच्या रांगेपर्यंत कळले पाहिजेत, कथेचा धागा तुटता कामा नये, आणि 'वन्स मोअर' आला तर तेच पद पुन्हा त्याच लयीत उभं राहायला हवं. इथं रेल्याला (वेगवान बोलांच्या सलग लडीला) जागा नाही. ओळ संपते तिथं दोन मात्रांची चपळ लग्गी, शब्द आला की परत ठेका. एवढं भांडार पदरी असताना हे करायचं, म्हणजे पोटात अख्खं पुस्तक असून दोन शब्दांत उत्तर देणं.

मग कुणी विचारेल, भांडार असलेला साधं वाजवतो आणि दुसरं काही येतच नाही म्हणून साधं वाजवणारा साधं वाजवतो, यात कानाला फरक कळतो का? कळतो, पण सरळ रस्त्यावर नाही, वळणावर कळतो. गवई लय किंचित ओढतो तेव्हा पहिला अर्धं आवर्तन त्याच्याबरोबर जातो आणि कुणाला न कळता परत जागेवर आणतो. दुसरा एक तर ओढला जातो किंवा हट्टानं ताठ राहतो. तिरकिटाचे चार बोल पहिल्याकडे सारख्या अंतरावर पडतात, दुसऱ्याकडे 'तिर' घाईत आणि 'किट' रेंगाळत. आवाज लहान केला की दुसऱ्याच्या बोलांचा आकारच जातो. कमी आवाजात ना, तिं आणि तू यांचे तीन वेगळे रंग टिकवणं ही फार वरची तयारी आहे. तिला टाळी नाही.

चित्रपटसंगीतात ही गोष्ट आणखी उघडी दिसते. शंकर-जयकिशन यांचे सहायक दत्ताराम वाडकर, मूळचे गोव्याचे. ढोलकवर त्यांनी बसवलेला एक डुलता ठेका इतका चालला की वादक त्याला 'दत्ताराम ठेका' म्हणूनच ओळखू लागले, आजही ओळखतात. कहरव्याच्याच घरातला, पण वजन वेगळ्या जागी. बोल कुणीही पाच मिनिटांत शिकेल. झोल, म्हणजे त्याचं डुलणं, मात्र पाच मिनिटांत येत नाही: डाव्या बाजूचा आघात किती लांबवायचा आणि उजव्याचा कुठं चिमटीत धरायचा, यावर तो उभा आहे. अमेरिकेत गायक-गिटारवादक बो डिडली यांच्या नावाचा 'बो डिडली बीट' आहे, तोही असाच, दोन ओळींत लिहून होणारा. माणसाचं नाव लागलेले आणि वाजंत्र्यांच्या बाहेरही पोचलेले ताल बहुधा असे साधेच असतात. नावं अवघड रचनांनाही लागतात, हे कबूल; फरुखाबादच्या हाजी विलायत अली खाँसाहेबांच्या गती आजही 'हाजीसाहेबांची गत' म्हणून वाजवल्या जातात आणि वाजवणारा आधी कानाला हात लावतो. पण त्या गतीवर रस्त्यावरचा माणूस मान डोलवत नाही.

पाश्चात्त्य ड्रमसेटवाल्यांतही हाच वाद चालतो. तिथं साधेपणाच्या बाजूनं रोलिंग स्टोन्स या रॉक बँडचे ड्रमर चार्ली वॉट्स यांचं नाव हटकून येतं. त्यांची एक सवय पाहण्यासारखी होती. दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर डावा हात स्नेअरवर (समोरच्या ड्रमवर) पडताना ते उजवा हात हाय-हॅटवरून (झांजांच्या जोडीवरून) उचलून घ्यायचे. बहुतेक जण तिथं दोन्ही एकदम वाजवतात. वॉट्स यांच्याकडे स्नेअर एकटाच ऐकू येतो, भोवती पोकळी ठेवून. एक आघात कमी केला आणि उरलेल्याला वजन आलं. एकतालातल्या 'तू ना'ची आठवण व्हावी असाच हा प्रकार.

साधेपणाला कधी कधी भावाशी काही देणंघेणंच नसतं, तो नुसता भौतिकशास्त्राचा नाइलाज असतो. आवाज हवेतून सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो. म्हणजे ३४ मीटरवर उभ्या माणसाला ठोका एक दशांश सेकंद उशिरा पोचतो. सेकंदाला आठ बोलांचा रेला वाजवला तर दोन बोलांतलं अंतर आठवा हिस्सा सेकंद. मिरवणुकीत रांगेच्या टोकाचा माणूस कानावर विसंबला तर तो जवळजवळ एक बोल मागं असणार. म्हणून पुण्यातल्या ढोल-ताशा पथकात तर्रीची (ताशाच्या दाट, वेगवान बोलांची) करामत पुढच्या मोजक्या ताशांकडे असते आणि ढोलांचे हात मोकळ्या, ठळक आघातांचे बांधलेले असतात. मधे टोल (धातूची थाळी) एकसुरी ठोके देत राहतो, आणि मागच्या रांगा कानापेक्षा पुढच्याच्या टिपरूकडे (ढोलाच्या काठीकडे) डोळा लावून वाजवतात. ढोलाचा हात उगाच दाट केला की पथक लांबून चिखलासारखं ऐकू येतं. प्रत्येकाचं वाजवणं बिनचूक असूनही.

दिंडीत तेच, शिवाय पाय. पखवाजी चालतोय, टाळकरी चालताहेत, डाव्या तोंडावरची कणीक उन्हात वाळत चाललीय आणि धुमेचा, म्हणजे त्या डाव्या तोंडाचा, आवाज वर सरकतोय. अशात 'धिं ऽ ना धिं ऽ धिं ना ऽ' या धाटणीचा भजनी ठेका (गावागणिक तो थोडा बदलतो) टिकतो, कारण त्यातल्या धिंच्या जागा पहिली, चौथी आणि सहावी अशा पडतात. पाऊल सरळ चालतं आणि ठेका त्याच्या अंगावरून तिरका जातो. पाऊल आणि ठेका एकाच जागी पडले असते तर कवायत झाली असती.

ठेक्याचा रियाझ कसा करायचा, हे क्लासात क्वचित सांगितलं जातं. पहिल्या महिन्यात ठेका शिकवून झाला की गाडी कायद्यांकडे वळते, परीक्षेत दुगुन-चौगुन (दुप्पट-चौपट लय) दाखवायची असते, आणि वीस मिनिटं एकच ठेका ऐकायला परीक्षकाला सवड नसते. तो रियाझ घरीच करावा लागतो आणि तो कंटाळवाणा आहे, हे आधीच सांगितलेलं बरं. मेट्रोनोम ६० वर ठेवायचा, मात्रेला चार ठोके, आवर्तनाला ४८. पहिली दहा मिनिटं भरणा अजिबात नाही, फक्त मूळ बोल. हात शिवशिवतात, शिवशिवू द्यायचे. मग ॲपमध्ये चारपैकी तीन ठोके मुके करायचे, मात्रेला एकच ठोका ऐकू येईल असे. ते आठवडाभर जमलं की फक्त समेचा ठोका ठेवायचा. आता ४८ सेकंद कुणी सोबतीला नाही. समेचा ठोका आला तेव्हा आपलं धिं आधीच पडून गेलं असेल तर लय चढली, पडायचं बाकी असेल तर उतरली. चढणारे अधिक.

सोबत रेकॉर्डिंग हवंच, कारण वाजवताना स्वतःची लय कळत नाही. मेट्रोनोम बंद, तंबोरा चालू, पंधरा आवर्तनं वाजवायची. नंतर घड्याळ लावून पहिलं आणि पंधरावं मोजायचं. पहिलं ४८ सेकंदांचं आणि पंधरावं ४५ चं भरलं तर लय सहा-सात टक्के चढली. आता ती कुठं चढली ते शोधायचं. बहुतेकदा चोर पहिल्या तिरकिटाच्या मागं सापडतो: चार बोल ओळीनं पडले की बोटांना गती लागते आणि पाचव्या मात्रेचा 'तू' वेळेआधी पडतो. त्यावर उपाय म्हणजे तिरकिट मात्रेच्या सुरुवातीला ओतून मोकळं न होता तिचे चारही पाव भरत नेणं, आणि 'तू'च्या आधी हात लवेपासून दोन बोटं वर नेऊन थांबवणं. दुसरा चोर अकराव्या मात्रेवर असतो, समेची ओढ लागते तिथं.

हे साधलं की भरणा सुरू करायचा, तोही एका वेळी एकाच जागी. आज फक्त दुसऱ्या धिंनंतर, उद्या फक्त नवव्या मात्रेच्या धागेमध्ये. पाच ते आठ सोडून.

राहता राहिला तुकडा, म्हणजे ठेका सोडून मध्ये वाजवायची छोटी रचना. तो वाजवू नये असं कुणीच म्हणत नाही. गवय्यानं पाण्याचा घोट घेतला, किंवा मान हलवून खूण केली, की मुखडा-तिहाई (एकच बोलसमूह तीनदा वाजवून समेवर येणं) करायला हक्काची जागा मिळते, आणि ती वाया घालवणंही बरं नव्हे. पण तिहाईनं समेवर येणारा हात जड झालेला असतो. दुसरा धिं त्याच वजनानं पडतो, पाठोपाठ धागे घाईत येतं, आणि ते आवर्तन ४८ चं भरत नाही. जाणता गवई अशा वेळी गात नाही. तंबोऱ्याची तार ऐकत तो एक आवर्तन जाऊ देतो. टाळ्या विरतात. पहिलं तिरकिट होतं, डग्गा गप्प होतो, कत् चपटा पडतो. मग धागे येतं, जागच्या जागी, आणि तो श्वास घेतो.